चार नंबरची बॅटरी

वसईतल्या गास गावच्या क्लेमेंटीन रुमाव यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे आधी त्यांच्या लुगड्याबद्दल लिहायला हवं. लाल चौकड्यांचं लुगडं, गावातल्या त्यांच्या वयाच्या ख्रिस्ती बायका नेसतात तसलंच. फरक एवढाच की बाईंच्या लुगड्याला गुडघ्यापासून खाली बारीक बारीक भोकं असायची. चाळणीच झालेली. बॅटरीतल्या ॲसिडचा थेंब उडाला की सुती कापड लगेच फाटत नाही. दोन धुणी होतात आणि मग एक दिवस दगडावर आपटताना तिथे भोक पडतं. "थेंब कधी उडाला ते लुगड्याला माहीत, मला नाही," असं बाई हसून म्हणायच्या.

त्यांचा नवरा आग्नेल. त्याने केळीच्या वाडीला लागून पत्र्याची शेड घातली आणि बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान काढलं. टेम्पोच्या, ट्रॅक्टरच्या, लग्नाच्या बँडवाल्यांच्या दिव्यांच्या. एकोणनव्वद साली आग्नेल गेला. लोकांना वाटलं, बाई आता चार्जर विकतील. चर्चमध्ये त्याच्या नावाची महिन्याची मिस्सा झाली आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा ॲप्रन कापून गळ्यात अडकवला आणि शेडचं दार उघडलं. एक टेम्पोवाला म्हणाला, "बाई आता भातासारख्या बॅटऱ्या शिजवणार!"

बाई म्हणाल्या, "तुला भात तरी शिजवता येतो का?"

पाटी मात्र तीच राहिली. 'आग्नेल बॅटरी'. आणि लोकही त्यांना 'आग्नेलची बाई' म्हणायचे. मीसुद्धा.

बाईंच्या कामाच्या दोन रीती होत्या आणि त्या त्यांनी कोणासाठी मोडल्या नाहीत. एक म्हणजे प्रत्येक बॅटरी वेगळी चार्ज करायची. चार एकत्र जोडून उरकायच्या नाहीत. अंगावर खडूने नंबर टाकायचा, सहाही घरांची, म्हणजे आतल्या कप्प्यांची, झाकणं उघडून काचेच्या नळीत ॲसिड ओढून बघायचं आणि आकडा तिथेच खडूने लिहायचा. दुसरी रीत अशी की चार्ज झालेली बॅटरी त्याच दिवशी परत द्यायची नाही. एक रात्र तिला तशीच बसू द्यायची आणि सकाळी पुन्हा मोजायची. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायच्या, "गरम बॅटरी खोटं बोलते. थंड होऊ दे, मग विचारते तिला."

आता माझ्याकडे येतो, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे झालं.

मी विरारच्या फुलपाड्याचा. शाळा नववीत सुटली. कायदा, नकाशे, पाण्याच्या पाइपांचे व्यास हे सगळं मी अर्ज करकरून शिकलो. आमच्या चौकात एक काळा फळा आहे. त्यावर मी रोज सकाळी आठ-दहा ओळी लिहितो. कुठल्या बिल्डरने नाला बुजवला, कुठला टँकर कोणाची विहीर उपसतो, नावानिशी. फळ्यावर नाव आलेला माणूस दोन-चार दिवस चौकातून जायचा नाही, मागच्या गल्लीने जायचा. या फळ्याचा मला माज होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

दोन हजार दोन साली मी धुराच्या मागे लागलो होतो. स्टेशनबाहेर सहा आसनी डिझेल रिक्षांनी नुसता काळोख केला होता. नुसतं बोंबलून भागत नाही, दुसरं काहीतरी चालवून दाखवावं लागतं. तेव्हा भेटले जयवंत साहेब. रेल्वेच्या इंजिन शेडमधून निवृत्त झालेले, एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतलेले, दुपारी वेळ जात नाही म्हणून कंटाळलेले. वालीवच्या एका कारखान्याने भंगारात काढलेल्या फोर्कलिफ्टची मोटर त्यांनी मिळवली, धर्माच्या जुन्या रिक्षाचं इंजिन उतरवलं आणि तिथे ती मोटर बसवली. धर्मा मिठागराच्या बाजूच्या गावचा. वीस वर्षं रिक्षा चालवलेला माणूस, नवी कोणतीही गोष्ट आधी नाक मुरडून बघणारा.

"साहेब, ही उतारावर थांबेल का?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"थांबेलही आणि थांबताना कमवेलही," साहेब म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. घाटातली जुनी विजेची इंजिनं गाडी उतरवताना मोटरचंच जनित्र करायची. चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि ती करताना चाकांना मागे ओढते. म्हणजे ब्रेकही लागतो आणि वीज वरच्या तारेत परतही जाते. रिक्षातही तेच होणार. फक्त इथे तार नाही, वीज बॅटऱ्यांतच परत जाणार.

"पण एक भानगड आहे," साहेब म्हणाले. "तारेला पोट नसतं, बॅटरीला असतं. ती तुडुंब भरलेली असली तर परत आलेली वीज ठेवणार कुठे? मी मध्ये एक यंत्र बसवलंय. बॅटऱ्यांचा एकूण व्होल्टेज फार चढला की ते परतीची वीज बंद करतं. वीज बंद म्हणजे तो ब्रेकही बंद. म्हणून बॅटऱ्या नेहमी थोड्या रिकाम्या ठेवायच्या. डब्यात वर बोटभर जागा सोडतो ना, तशी."

बॅटऱ्या सहा होत्या, प्रत्येक बारा व्होल्टची. एकीचं टोक दुसरीला, दुसरीचं तिसरीला, अशी सरळ रांग. सगळ्या मिळून बहात्तर. स्लॅब घालताना मजूर रांगेत उभे राहून घमेली पुढे देतात, तसंच. घमेलं प्रत्येकाच्या हातून जाणार, कोणाला वगळून जाणार नाही. एकाचा हात दुखावला की अख्खी रांग अडते. आणि लांबून बघणाऱ्याला रांग दिसते, हात दिसत नाही.

महिनाभर धर्माने रिक्षा चालवून बघितली, मग चाचणीसाठी बॅटऱ्या नीट तयार करून घ्यायला आम्ही गासला गेलो. बाईंनी सहाही जणींना पाच दिवस ठेवून घेतलं. बोटभर जागेचं साहेबांनी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पेज उतू जाऊ नये म्हणून आम्ही तेच करतो. त्याला इंजिनीअर कशाला लागतो?" साहेब मोठ्याने हसले. सहा बॅटऱ्यांवर एक ते सहा असे खडूचे आकडे पडले. शनिवारी सकाळी बाईंनी स्वतः बॅटऱ्या रिक्षात चढताना बघितल्या आणि धर्माला बजावलं, "सहाजणी एकत्र राहतील. एकत्र धावतील, एकत्र थकतील. एकीला बाजूला काढायचं नाही."

धर्मा म्हणाला, "व्हय बाई, सासुरवाशिनी हायेत त्या."

चाचणी रविवारी दहाला होती. वसईच्या रेल्वेवरच्या पुलावरून एव्हरशाईनच्या बाजूला उतरायचं, तिकडून वळून पुन्हा पूल चढायचा. सोसायट्यांचे लोक, रिक्षावाले, दोन पत्रकार, सगळ्यांना मी बोलावलं होतं.

आणि शनिवारी संध्याकाळी फुलपाड्यात पाण्याची सभा होती. सात वाजता लाईट गेली. चारशे माणूस अंधारात उभा आणि माझा लाउडस्पीकर मुका. रिक्षा तेव्हा साहेबांच्या इमारतीखाली उभी होती. मी धर्माला म्हटलं, "जा, त्यातली एक बॅटरी काढून आण."

"भाऊ, बाईने सांगितलंय, एकीला काढायची नाय."

"अरे, सहातली एक! सकाळी परत बसवू. इथे लोक पाण्यासाठी उभे आहेत आणि तू सासुरवाशिणीचं काय घेऊन बसलास?"

धर्मा गेला आणि हाताला लागली ती काढून आणली. ती चार नंबरची होती. स्पीकरच्या वायरींना दातेरी चिमटे होते, ते टोकांना लावले. माझा आवाज तीन तास चौकात घुमला. वर एक बल्बही त्याच बॅटरीवर लावला होता. रविवारी सकाळी सातला धर्माने ती जागेवर बसवली. साहेब तेव्हा फिरायला गेले होते.

आठला येऊन त्यांनी मीटर लावला तर एकूण व्होल्टेज कमी. "बाईंना बोटभर सांगितलं तर वीतभर रिकामी ठेवली वाटतं," ते पुटपुटले आणि सहाही बॅटऱ्यांच्या रांगेला मिळून मोठा चार्जर लावला. दीड तासात एकूण आकडा हवा तिथे आला आणि साहेबांचं समाधान झालं. मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही. चार्जर लावलाय म्हणजे भरून येईल, असं मला वाटलं.

आत काय झालं होतं ते आता सांगता येतं. चार नंबर अर्धी रिकामी होती. बाकीच्या पाच बोटभर जागा ठेवून भरलेल्या. रांगेतून वीज सगळ्यांना सारखीच मिळाली. त्या पाचजणींची बोटभर जागा भरली, वर त्या फसफसल्या आणि चार नंबर अर्ध्याची जेमतेम पाऊण झाली. बेरीज बरोबर आली आणि सहातली एकही जशी हवी तशी राहिली नाही.

दहाला रिक्षा निघाली. पूल चढली. टाळ्या पडल्या. पलीकडच्या उतारावर धर्माने पाय उचलला, रिक्षा आपोआप मागे ओढली गेली, साहेबांनी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. आणि दहा सेकंदांत ती ओढ गेली. तुडुंब भरलेल्या पाचजणींनी व्होल्टेज वर फेकला आणि यंत्राने परतीची वीज तोडली. रिक्षा सुटली. महिनाभर त्या ब्रेकची सवय लागलेल्या धर्माचा पाय साध्या ब्रेकवर जायला उशीर झाला. खाली एका शहाळेवाल्याची हातगाडी उलटली. शहाळी रस्ताभर. कोणाला लागलं नाही, हे आमचं नशीब. वळून परत चढताना चढाच्या मध्यावर चार नंबर बसली आणि तिच्यापायी सगळी रांग बसली. चाळीस लोकांनी ढकलत रिक्षा वर नेली. एका डिझेल रिक्षावाल्याने हॉर्न वाजवत विचारलं, "काय भाऊ, धक्क्यावर चालते का तुमची वीज?"

लोक हसले. माझं डोकं फिरलं. साहेब नुसतं म्हणाले, "बाईंचं चार्जिंग कमी-जास्त झालेलं दिसतंय," आणि मी ते वाक्य झेललं. चार नंबर मला आठवलीच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आठवली. पण ती पुरती वर यायच्या आत माझं तोंड सुरू झालं होतं. तिथेच सगळ्यांसमोर मी आग्नेलच्या बाईच्या नावाने शिव्या घातल्या. सोमवारी सकाळी फळ्यावर लिहिलं: 'गासच्या आग्नेल बॅटरी दुकानातल्या बाईच्या हलगर्जीपणामुळे जीव जाता जाता वाचला. चार्जिंग करून घेणाऱ्यांनी सावध राहावे.' पत्रकारांनी ते उतरवून घेतलं आणि छापलं.

आठवड्यात गासच्या शेडमधल्या फळ्या रिकाम्या झाल्या. टेम्पोवाले नालासोपाऱ्याला जायला लागले. बँडवाल्याने ऐन लग्नसराईत आपल्या आठ बॅटऱ्या उचलल्या. चर्चच्या हॉलची बॅटरीसुद्धा दुसरीकडे गेली आणि रविवारी मिस्सेनंतर कोणीतरी बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं, "आग्नेल होता तेव्हा गोष्ट वेगळी होती." तेरा वर्षं त्यांनी जे मिळवलं होतं ते माझ्या दोन ओळींनी पुसलं. हे मला धर्माने सांगितलं. तो सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

नवव्या दिवशी बाई फुलपाड्यात आल्या. एसटीने आल्या, हातात कापडी पिशवी. चौकात उभं राहून त्यांनी फळा वाचला. तो मजकूर मी अजून पुसला नव्हता. मग माझ्या दारात आल्या.

"सुधाकरभाऊ, रिक्षा कुठे आहे?"

"साहेबांकडे. का?"

"मला पुलावर जायचंय."

मी काहीतरी फटकारणार होतो, पण बाई वळून चालायलाही लागल्या होत्या.

त्यांच्या मागोमाग मीही साहेबांकडे पोचलो. साहेबांनी पुन्हा आदल्या दिवशी एकूण बघूनच चार्जर लावला होता. बाईंनी मागची सीट काढायला लावली, बॅटऱ्यांच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि पिशवीतून मीटर काढला. धर्मा चालवत होता, साहेब आणि मी कडेला लोंबकळत. चढ सुरू झाला. बाई एकेका बॅटरीला मीटरच्या काड्या टेकवत गेल्या आणि मोठ्याने वाचत गेल्या. "एक, बारा. दोन, बारा. तीन, बारा. चार, नऊ." धर्मा दचकून मागे बघायला लागला. "पुढे बघ तू!" बाई ओरडल्या. "पाच, बारा. सहा, बारा."

उतारावर पुन्हा तेच. "एक, सोळा. दोन, सोळा. तीन, सोळा." आतून उकळल्यासारखा आवाज येत होता. "चार, तेरा." एवढ्यात ओढ गेली. धर्मा या वेळी तयार होता. पाय ब्रेकवर, रिक्षा खाली येऊन नीट उभी राहिली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मी रोज बेरीज बघत होतो हो. एकेक बघितलीच नाही."

"साहेब, ते नंतर," बाई म्हणाल्या. त्यांनी चार नंबरच्या टोकावरून जाड वायरीचा गाळा, म्हणजे बोल्टने आवळायची कडी, सैल केला आणि लुगड्याच्या पदराने ते टोक पुसलं. टोक शिशाचं. शिसं मऊ असतं, त्यावर नखसुद्धा उमटतं. टोकाच्या दोन्ही बाजूंना बारीक खाचांची ओळ होती, चावल्यासारखी. बाईंनी बाकीच्या पाचजणींची टोकंही उघडून दाखवली. गुळगुळीत.

"तुमच्या वायरींना गाळे आहेत. गाळ्याला दात नसतात. माझ्या चार्जरलाही नाहीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग हे दात कोणाचे?"

धर्मा घसा खाकरून म्हणाला, "बाई, चुकी माझीच. मीच काढलेली ती..."

"तू गप्प राहा, धर्मा. तुझ्याकडे लाउडस्पीकर आहे का?"

मी काय करायला हवं होतं ते कोणीही सांगेल. मी केलं ते असं: मी चढ्या आवाजात म्हटलं, "सहातली एक तीन तास घेतली, तर काय आभाळ कोसळलं? लोकांच्या पाण्यासाठी घेतली. माझ्या घरी पंखा लावायला नव्हती घेतली!"

बाई शांतपणे मीटर पिशवीत ठेवत होत्या. "घेतलीस ते मी विचारलं का? पाण्यासाठी मागितली असतीस तर मी सातवी दिली असती. शेडमध्ये तीन पडून होत्या." एवढा वेळ मी 'सुधाकरभाऊ, तुम्ही' होतो, तो आता 'तू' झालो होतो. "घेतलीस आणि माझ्यावर लिहिलंस. ते का, एवढंच सांग."

उत्तरासाठी बाई थांबल्याही नाहीत. पुलाखालून चालत एसटी स्टँडकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी फळा पुसला. दहा वर्षांत इतकी माणसं त्यावर आणली होती, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षर वाकडं यायला लागलं. तीनदा पुसलं. पहिल्यांदा 'गैरसमजातून' लिहिलं, ते खोटं होतं. दुसऱ्यांदा 'कार्यकर्त्यांच्या चुकीमुळे' लिहिलं. कार्यकर्ते कोण? मी एकटाच. शेवटी लिहिलं ते असं: 'रिक्षाची चार नंबरची बॅटरी मी, सुधाकर, सभेच्या लाउडस्पीकरसाठी काढली होती. बॅटऱ्या बिघडल्या त्या त्यामुळे. हे मला ठाऊक असताना मी दोष दुसऱ्यावर टाकला. गासच्या कै. आग्नेल रुमाव यांच्या दुकानातल्या चार्जिंगमध्ये काहीही खोट नव्हती.' ज्या पत्रकारांनी पहिलं छापलं होतं त्यांना हे वाचून दाखवायला मी स्वतः गेलो. एकाने छापलं. दुसरा म्हणाला, "यात बातमी काय आहे?"

चौकात दोन दिवस गर्दी होती. मला मागच्या गल्लीने जायची फार इच्छा होत होती. गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. धर्माने त्यांना शेडमधून तशाच ॲप्रनवर आणलं होतं, त्याच रिक्षातून, चार नंबरच्या जागी शेडमधली एक सुटी बॅटरी बसवून, कुठल्याही ढकलाढकलीशिवाय. त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि सावकाश वाचलं. मी जवळ गेलो.

"क्लेमेंटीनबाई, अजून काही लिहायला हवं असेल तर सांगा."

"माझं नाव कुठे आहे?"

मी फळ्याकडे बघितलं.

"शिव्या घातल्यास तेव्हा आग्नेलची बाई. माफी मागितलीस तेव्हा आग्नेलचं दुकान. तो जाऊन तेरा वर्षं झाली. त्याची खोट कोणी काढली नव्हती, त्याला माफी कशाला?"

त्यांनी तळहाताने 'कै. आग्नेल' एवढंच पुसलं. ॲप्रनच्या खिशात खडू होताच, तो कायम असायचा. बॅटऱ्यांवर आकडे टाकून टाकून कमावलेल्या त्या मोठ्या, ठसठशीत अक्षरात त्यांनी त्या जागेत लिहिलं: 'क्लेमेंटीन'. जागा कमी पडली म्हणून शेवटचं अक्षर 'रुमाव'वर चढलं. मग खडू खिशात टाकला आणि धर्माला म्हणाल्या, "चल, चार नंबरला अजून दोन दिवस लागतील. तिला एकटीलाच चार्जरवर बसवलंय मी."

टेम्पोवाले लगेच परत आले नाहीत. आधी बँडवाला आला, मग एकेक. चर्चच्या हॉलची बॅटरी सगळ्यात शेवटी आली. रिक्षाचा परवाना मात्र दोन वर्षं अर्ज करूनही मिळाला नाही. आमच्या अशा गाडीसाठी रकानाच नाही, असं उत्तर आलं. ती साहेबांच्या इमारतीखालीच थकली. त्या सहा बॅटऱ्या मात्र बाईंच्या शेडमध्ये शेवटपर्यंत एकत्र राहिल्या. मी महिन्यातून एकदा गासला जायचो. सहा बॅटऱ्यांची सहा-सहा घरं, छत्तीस झाकणं उघडून नळी लावायचो आणि आकडा मोठ्याने वाचायचो. हे काम बाईंनी मला दिलं होतं. मी एक जरी घर गाळलं तरी त्या शेडच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडायच्या, "तिसऱ्याचं राहिलं!"

फळ्यावरचा मजकूर मी रोज बदलतो. त्या आठवड्यातही बदलला. पण पुसताना ते एक नाव मी मध्येच ठेवत गेलो, पावसाने धुऊन नेईपर्यंत. वर नाल्याची बातमी, खाली टँकरची, आणि मध्ये कशाशीच संबंध नसलेलं 'क्लेमेंटीन'. लोक विचारायचे, "भाऊ, हे काय?"

मी सांगायचो. प्रत्येकाला, पहिल्यापासून.